श्रावणातला स्वेटर

३१ जुलै, गुरुवार. साड्यांना लेस लावायचं काम संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं, म्हणजे गप्पांना आप्पा येणारच. समोरच्या खोलीतल्या या आप्पांइतका चौकस डोळा सुरतेतल्या अख्ख्या गोडादऱ्यात दुसऱ्या कुणाला नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. हयात कापडाचे लूम चालवण्यात गेली. तुटलेला धागा त्यांना लांबून दिसायचा. लूम सुटला तसा तो डोळा जगाकडे वळला. मोबाईलवरच्या बातम्या ऐकून त्यांनी कटकारस्थानांचे इंग्रजी जोडशब्द जमवले आणि रोज वापरात आणले. दूध पातळ आलं की ‘कव्हर-अप’. जिन्यात दोन बायका कुजबुजल्या की ‘सीक्रेट मीटिंग’. माझा जावई अचानक पेढे घेऊन आला तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, “हिडन अजेंडा.” जेवण झाल्यावर जावयाने स्कूटर मागितली. वरच्या मजल्यावर पाणी चढेना, तेव्हा सगळे पंपाला शिव्या देत बसले, आप्पा टाकीजवळ स्टूल टाकून बसले आणि दुपारी वर येऊन म्हणाले, “इनसाइड जॉब.” वॉल्व्ह बिल्डिंगचे चेअरमनच बंद करत होते. तक्रारीच्या अर्जावर पहिली सहीही चेअरमनचीच.

“आप्पा, तुम्हाला सगळीकडे कारस्थानच कसं हो दिसतं?”

“दिसत नै वो माय, ते शेच!”

त्या गुरुवारी मात्र ते येऊन गप्प बसले. माझी लेस वाकडी गेली तरी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगा, सून आणि नातीबरोबर कानबाईचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, रोट खायला खानदेशात गावी निघायचं होतं, उधना स्टेशनाहून गाडी. चार दिवसांचा सण.

“मनी पिशवीत स्वेटर भरेल शे,” ते हळूच म्हणाले. “गोधडी बी.”

सुनेने त्यांच्या पिशवीत श्रावणात स्वेटर भरला होता! माझ्या लक्षात आलं. घर एका खोलीचं, मुलाची रात्रपाळी, नातीची बारावी. गावाहून परत तिघंच येणार, आप्पा भावाकडे राहणार. आणि त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

“मग आता म्हणा की हिडन अजेंडा! आजच का तोंड बंद?”

त्यांनी मान हलवली. “ना वो माय. पोरले अडचन शे. घरनी गोष्टले इंग्रजी कसाले?”

माझी वाकडी लेस उसवून त्यांनी बोटाने सरळ धरून दिली, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा यायच्या आत मी समोर गेले. सुनेच्या देखत पिशवीतून स्वेटर आणि गोधडी काढली. “रोट खाऊन चौघंही परत या. माझी पुढची खोली रिकामीच असते, आप्पांची कॉट तिथे टाकते. पोरीला अभ्यास करू दे.” सून डोळ्याला पदर लावून रडायला लागली, मला कुकर लावायचा होता.

आप्पा आंघोळ करून दारात उभे. “काय चालनं?”

“सीक्रेट मीटिंग,” मी म्हटलं आणि स्वेटर नेऊन माझ्या कपाटात ठेवला. थंडीला अजून वेळ होता.