कुकरच्या रिंगसाठी जन्मतारीख

मंडळी, आज वसमतच्या एका नव्या मॉलमध्ये आमच्या सासूबाईंनी जी गंमत केली, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं न्हाई.

घ्यायची होती फक्त कुकरची रिंग. काउंटरवरचे दादा म्हणाले, "मोबाईल नंबर अन् जन्मतारीख सांगा." मी सवयीनं नंबर सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात दाबला.

"जन्मतारीख कुणाची? कुकरची?"

दादा हसले. "सिस्टीमच तशी हाय, काकू. नंबर टाकल्याबिगर बिल निघत न्हाई. पुढं ऑफरचे मेसेज येतेत तुमाला."

"बरं. मंग आधी तुझा नंबर सांग, बाबा. आमच्या घरची हळद लई चांगली हाय. मी बी तुला रोज सकाळी फोन करून सांगत जाईन."

रांगेतली माणसं खदाखदा हसायला लागली. दादा लाजले. "असा अनोळखी माणसाला नंबर कसा द्यायचा, काकू?"

"मी बी तेच म्हणून राहिले!"

मग काय! दादांनी नंबराच्या जागी नुसती शून्यं टाकली, जन्मतारखेची जागा मोकळी सोडली अन् बिल बाहेर आलं. सासूबाई रिंग पिशवीत टाकून निघाल्या बी.

कर्ज घ्या, प्लॉट घ्या म्हणणाऱ्या फोनांवर मी दिवसभर चिडते. अन् दुकानोदुकानी नंबर वाटत कोण फिरतं? मीच!

तुमी कधी "न्हाई देत" म्हणून पाहिलंय का? बघा एकदा. बिल निघतं!