टेबलाला पाजलेलं तेल

मिस्त्रींचा हात पहिल्यापासून सढळ. त्यांनी चहात साखर घातली की चमचा उभा राहायचा. कुणी खुर्चीचा पाय बसवायला बोलावलं, तर हे दारं-खिडक्याही ठाकठीक करून यायचे. मग लेकीच्या शिवणाच्या दुकानासाठी कापड बेतायचं टेबल केलं, तेव्हा हात आखडेल कशाला? रंधा मारून फळी आरशासारखी केली आणि त्यावर जवसाचं तेल ओतलं, चोळलं, पुन्हा ओतलं.

"पिऊ दे पोटभर," म्हणाले.

टेबल प्यायलं, पण तेल काही सुकेना. आठवडा उलटला तरी बोट टेकवलं की चिकटायचं. दुकान रविवारी उघडणार आणि पहिल्याच गिऱ्हाइकानं झग्यासाठी पांढरंशुभ्र रेशीम आणून दिलेलं.

"बाबा, यावर ते रेशीम पसरलं तर झगा नाही, पायपुसणं होईल," लेक रडकुंडीला आली.

"हवा दमट आहे गं. आणखी एक हात दिला की बसेल."

तेवढ्यात खिडकीतून बोका आला, टेबलावर ऐसपैस लवंडला आणि उठला तेव्हा पोटाचे निम्मे केस तिथंच सोडून गेला.

"अगंबाई, टेबलाला दाढी फुटली!" मिस्त्रींची बायको खो खो हसत सुटली.

मिस्त्रींचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर लोकांची टेबलं केली, आणि लेकीचंच असं व्हावं! ते मटकन स्टुलावर बसले.

बायकोचं हसू ओसरलं. "अहो, नवा लोखंडी तवा मी कसा तयार करते? तेल लावते आणि लगेच सगळं पुसून काढते. काही उरलंच नाही असं वाटतं ना, तेवढंच बसतं. आपला पहिला तवा तुम्ही तयार केला होतात. उलथनं चिकटलं होतं, आठवतंय?"

"तवा वेगळा, लाकूड वेगळं."

"असेल. पण तेल लावणारा तोच आहे."

मिस्त्री पुटपुटत उठले. टर्पेंटाइनच्या फडक्यानं वरचा चिकटा घासून काढला. मग तेलाचा नुसता ओलसर हात फिरवला. मागून बायको कोरडं फडकं घेऊन पुसत आली. दोन्ही खिडक्या उघडल्या, टेबल उन्हाच्या बाजूला ओढलं, पंखा लावला. बायको फडक्यांचा बोळा करायला लागली तसे मिस्त्री ओरडले, "अगं, तेलकट फडकी अशी कोंबू नकोस, आपोआप पेटतात! कुंपणावर पसर." तेवढाच त्यांना हुरूप आला.

शनिवारी संध्याकाळी बोका पुन्हा आला. तिघांनी श्वास रोखला. तो लोळला, पंजा चाटला, निघून गेला. लेकीनं टेबलावर तळवा फिरवला. एक केस नाही. तिनं रेशीम पसरलं. ते सळसळत पार कडेपर्यंत गेलं. तिनं खडूची पहिली रेघ ओढली आणि वर न बघताच म्हणाली, "बाबा, झकास!"

मिस्त्री फुलून गेले. "उद्या उद्घाटन. सकाळी शेवटचा एक हात मारू का, जरा तब्येतीत?"

"मारा की," बायको म्हणाली. "तेलाची बाटली मी शेजारी देऊन आलेय."