शाळेच्या भिंतीवरची पुराची रेघ

गावात त्याला सगळे पेंटर म्हणतात. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे नंबर, दवाखान्याच्या वेळा, 'कुत्र्यापासून सावध राहा', सगळं त्याच्या हातचं. वय एकसष्ट. अक्षर इतकं वळणदार की चुकीची गोष्टसुद्धा त्याने रंगवली की लोकांना खरी वाटते.

पूर ओसरून बारा दिवस झाले, तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. काम साधं होतं. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर जुन्या महापुराची लाल रेघ होती. तिच्या वर या वर्षीच्या पाण्याची निळी रेघ ओढायची.

"लाल तशीच राहू द्या," बाई म्हणाल्या. "या वेळचं पाणी किती जास्त होतं, ते तरी कळेल पोरांना."

तो बरं म्हणाला आणि टेप घेऊन भिंतीपाशी गेला. चिखलाचा वण खिडकीच्या गजांमधल्या आडव्या पट्टीवरून गेला होता. जमिनीपासून साडेचार फूट. लाल रेघ खाली, खिडकीच्या कट्ट्याच्याही खाली, तीन फुटांवर. टेप हातात धरून तो तसाच उभा राहिला. जुन्या महापुराचं पाणीही त्या आडव्या पट्टीपर्यंतच आलं होतं. गावात आता हे एकट्या त्यालाच माहीत होतं.

पस्तीस वर्षांपूर्वी शाळेच्या भिंतीचा गिलावा नव्याने करायचा ठरला. मूळची खूण कुणीतरी खिळ्याने ओरखडलेली होती, नाक लावल्याशिवाय दिसत नसे. गवंडी कामाला लागण्याआधी भिंत खरवडायचं काम पेंटरकडे होतं. त्याने ती खूण पाहिली, खिडकीच्या पट्टीला लागून असल्याचं मनात ठेवलं आणि खरवडून टाकली. मापाचा आकडा कुठे लिहून ठेवला नाही. गिलावा वाळल्यावर तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, खूण आता चांगली ठसठशीत रंगव, परवा पाहुणे यायचेत. पट्टीच्या उंचीला रेघ ओढली असती तर मध्ये खिडकी आली असती. रेघ दोन तुकड्यांत गेली असती, सोबत लिहायच्या अक्षरांना जागा उरली नसती. खिडकीखाली मात्र अखंड अकरा फूट भिंत मोकळी होती. तो सव्वीस वर्षांचा होता आणि आपल्या अक्षरावर खूश होता. हात-दीड हात इकडे तिकडे, कोण मोजायला बसलंय?

लोक मोजायला बसले. घर बांधताना, दुकान घेताना माणसं आधी शाळेची भिंत बघून येत. "पेंटरची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," सुतार म्हणायचा. सुतार त्याचा बालमित्र.

तीन वर्षांपूर्वी विमा कंपनीची एजंट बाई तालुक्याहून नकाशा घेऊन आली होती. नदीकाठची सगळी खालची गल्ली त्या नकाशात निळी होती. लोकांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. पेंटरच पहिल्यांदा बोलला होता, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरच्या हातून शाई सांडलेली दिसतेय." सगळी सभा हसली. एजंट बाई पण हसली, आणि तीन फॉर्म भरून घेऊन परत गेली.

त्या दिवशी संध्याकाळी ताईने त्याला बोलावलं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. खालच्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान, मागे राहायची खोली. "तू एकदा मोजून सांग," ती म्हणाली. "रेघेच्या वर असेन तर कशाला दरवर्षी हप्ता भरू?" पेंटरने गवंड्याची पाण्याची नळी आणली. एक टोक सुताराने शाळेच्या रेघेवर धरलं, मग टप्प्याटप्प्याने पातळी आणत ते तिच्या उंबऱ्यापर्यंत आले. ताईची जमीन रेघेपेक्षा चार बोटं वर निघाली. मोजणीत केसाचीही चूक नव्हती. नळीतलं पाणी स्थिर होण्याची वाट पाहताना त्याला ती आडवी पट्टी आठवली होती. तो म्हणाला, "आहेस तू वर. झोप निवांत."

या वर्षी पाणी दुकानात सव्वा फुटाने आत आलं. ताईने दोन शिलाई मशिनी टेबलावर चढवल्या. तिसरी, ओव्हरलॉकची, जड होती, ती खालीच राहिली. शाळेच्या गणवेशांचे दीडशे जोड कापून गठ्ठे करून जमिनीवर ठेवलेले होते. ताईच्या घराचा विमा होता, पण तो आग लागली, घरातला पाइप फुटला तर कामाचा. नदीचं पाणी त्यात बसत नव्हतं. पेंटरचं घर वरच्या अंगाला. त्याची चप्पलही भिजली नाही.

भिंतीपाशी माप घेऊन घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही. "अहो, झालं ते झालं. आता उकरून काय मिळणार?" आणि थोड्या वेळाने, "ताईंना तर मुळीच सांगू नका."

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये पुन्हा सभा भरली. फरशा धुतल्या तरी ओलीचा वास गेला नव्हता. तीच एजंट बाई, तोच नकाशा. या वेळी कुणी हसलं नाही. ताई दुसऱ्या रांगेत बसली होती. फॉर्म तिच्या मांडीवर होता, नाव अर्धं लिहून झालं होतं. पेंटरची बायको मधल्या रांगेत, तो मागे दाराशी.

"पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो," एजंट सांगत होती. "आणि घेतल्यापासून तीस दिवसांनी लागू होतो. वर धरणाचे दरवाजे उघडले म्हणून धावत आलात, तर मी काही करू शकणार नाही."

"असा पूर शंभर वर्षांत एकदाच येतो म्हणतात," कुणीतरी म्हणालं.

"शंभर वर्षांत एकदा म्हणजे पुढची नव्व्याण्णव वर्षं सुट्टी नाही हो. दर वर्षी शंभरातली एक शक्यता. चिठ्ठ्या दर वर्षी नव्याने टाकायच्या."

सुतार उठला. त्याचं बोलणं नेहमीच पटण्यासारखं असायचं. "मॅडम, तुमचं गणित बरोबर असेल. पण भिंतीवर बघा ना. आमच्या आजोबांच्या वेळचा महापूर तीन फूट. हा साडेचार. म्हणजे हा जगावेगळाच होता. एकदा आला, गेला. त्याच्यासाठी जन्मभर हप्ते भरायचे?"

माना डोलल्या. एजंटने खिडकीतून भिंतीकडे पाहिलं. "रेघ तसं सांगते खरी," ती म्हणाली.

ताईने टोपण लावून पेन पर्समध्ये टाकलं. फॉर्मची घडी घातली.

"ती रेघ चुकीची आहे," पेंटर म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की पुढच्यांनी वळून विचारलं, कोण काय म्हणालं?

"लाल रेघ चुकीची आहे. जुनं पाणीही खिडकीच्या पट्टीपर्यंत आलं होतं. मी खूण पाहिली होती. अक्षरांना जागा हवी म्हणून रेघ खाली घेतली."

सुतार म्हणाला, "मग मी नळी कशाला धरून उभा होतो रे? दीड तास?" दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले. मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, "सुंदर अक्षर काढलंस बाबा. माझा फ्रीज वाहून गेला."

ताई वळली नव्हती. ती समोर बघतच म्हणाली, "माझ्याकडे मोजायला आलास तेव्हा माहीत होतं?"

विसरलो होतो म्हटलं असतं तर खपलं असतं. पस्तीस वर्षं झाली होती, सगळ्यांनी मान्य केलं असतं. बायको रांगेतून त्याच्याकडे बघत होती, हेच म्हणा अशी.

"माहीत होतं," तो म्हणाला.

ताईने घडी उलगडली. एजंटला विचारलं, "तीस दिवस आजपासून धरायचे ना?" आणि उरलेलं नाव लिहून सही केली. खालच्या गल्लीतून त्या दिवशी सव्वीस फॉर्म भरले गेले. सुताराने सर्वांत शेवटी भरला. जाताना तो पेंटरपाशी थांबला, टोपी नीट केली आणि निघून गेला.

मंगळवारी पेंटरने लाल रेघ पुसली. साडेचार फुटांवर दोन रंगांच्या दोन रेघा एकीला एक लागून ओढल्या. मध्ये खिडकी आल्यामुळे त्या तुटक दिसतात, आणि अक्षरं डाव्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसली आहेत. मोठ्या बाई टेप घेऊन शेजारी उभ्या होत्या. याआधी त्या कधी उभ्या राहत नसत.

तिथून तो रॉकेल आणि ब्रश घेऊन ताईकडे गेला. ओव्हरलॉक मशीन उघडून चिखल काढायचा होता. ताई दारात आली. आत ये म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही.

"आज नको," ती म्हणाली.

"मग कधी येऊ?"

"सांगेन मी."

याला आता महिना झाला. विमा लागू झाला आहे.