शांतीच्या खोलीतल्या लाटा

आमच्या डहाणूच्या केंद्राचं आधुनिकीकरण झालं, त्याला मी आजही शिव्या घालते. मानसिक आजारातून सावरणारी माणसं तिथे सकाळी येत आणि संध्याकाळी घरी जात. मी तिथली समुपदेशक.

धाकटी डहाणू या किनाऱ्यावरच्या गावातल्या एका मावशींचा मुलगा मासेमारीला गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून लाटांचा आवाज नको म्हणून त्या दारं-खिडक्या लावून घरात बसायच्या. केंद्र स्टेशनच्या बाजूला, तिथे समुद्र ऐकू येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्या यायला तयार झाल्या. दुपारी बायका चटईवर सुकट निवडत बसत. हात चालू झाले की मावशींचं तोंडही सुटायचं. एकदा गंजाडच्या एका बाईला सुकट नीट निवडत नाही म्हणून त्यांनी असं झापलं, की आम्ही आतल्या खोलीत पोट धरून हसलो. कित्येक महिन्यांनी त्या कुणावर तरी रागावल्या होत्या!

मग आधुनिकीकरणासाठी बाहेरून सल्लागार आले. सुकट बंद करून तिथे लाटांचा आवाज लावलेली एक 'शांतीची खोली' करायची, असा त्यांचा बेत होता. कर्मचाऱ्यांनी मोकळेपणाने मतं मांडावीत, म्हणाले. मी मांडली. वास येतो म्हणून सुकट बंद करू नका. आणि त्या नव्या शांतीच्या खोलीत लाटांचा आवाज तर अजिबात लावू नका. मावशींचं सगळं सांगितलं.

"मॅडम, लाटांनी सगळ्यांनाच रिलॅक्स वाटतं," त्यांचा प्रमुख हसत म्हणाला. "बदलाला स्टाफचा थोडा विरोध असतोच."

माझं डोकं सणकलं. ऐकायचंच नव्हतं तर विचारलंत कशाला? चटई गेली, सुकट गेली, भिंतीला निळा रंग लागला.

उद्घाटनाच्या दिवशी मला तलासरीच्या शिबिरावर पाठवलं. इकडे फोटोसाठी मावशींना मऊ खुर्चीत बसवून दार लोटलं आणि लाटा सुरू केल्या. मावशी कानांवर हात दाबून अनवाणी बाहेर पळाल्या. प्रमुख म्हणे, सवय होईल.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. खिडक्या बंद, दार बंद. मी हाका मारल्या, उद्यापासून पुन्हा सुकट निवडू म्हणाले. तसं म्हणायचा मला अधिकार नव्हता, पण म्हणाले.

आतून आवाज आला.

"बाय, ती एकच जागा होती. तिथेपण समुद्र आणलात?"