चार राजे आणि एक लष्करी कोट

लढाई संपवून पलूसचा लान्सनाईक नाथाजी इटलीतून घरी आला, तो अंगात गुडघ्याखाली लोंबणारा लोकरी कोट घालून आणि डोक्यात गोऱ्या सोल्जरांचा 'पोकर' नावाचा खेळ घेऊन. कोट गावानं लांबूनच पाहिला. खेळ मात्र लगेच उचलला आणि नाव बदलून 'पाचपानी' केलं.

खेळ सोपा होता. प्रत्येकाला पाच पानं. नको असतील ती एकदाच बदलून घ्यायची. मग जाजमावर विड्या लावायच्या. पुढच्यानं लावल्या तेवढ्या तरी लावा, नाहीतर पानं टाकून गप बसा. शेवटपर्यंत जे टिकतील त्यांनी पानं उघडायची; एकसारख्या पानांत जोडीपेक्षा तीन भारी, तिनांपेक्षा चार. जुगार म्हणून फौजदार आलाच असता, तर त्यालाही त्यातल्याच दोन विड्या ओढायला देता आल्या असत्या.

नाथाजी या खेळातला गावचा गुरू. आणि गावात सगळ्यात जास्त हरणारा माणूसही तोच.

कारण असं, की हलकी पानं आली की नाथाजी चारचौघांसारखा खेळे. चांगली पानं आली की त्याच्यातला लान्सनाईक उठून उभा राही. पाठ ताठ, मिशा वर, आणि पंचवीस विड्यांचा अख्खा कट्टा "लावाऽ!" अशी आरोळी ठोकून तो जाजमावर आदळे. ती ऐकून गोठ्यातली म्हैस दचके आणि खेळणारे मुकाट्यानं पानं टाकत. एकदा त्याला चार राण्या आल्या. त्या चौघींनी मिळून त्याला कमावून दिल्या तीन विड्या. त्यातली एक फुटकी होती.

"एवढी पानं आली, अन् एक गडी थांबला न्हाई!" नाथाजी कळवळला.

"तू वर्दी दिल्यावर कोण थांबतंय रं?" शेजारचा अर्जुना म्हणाला. "आमी काय जर्मन हाय व्हय?"

या रागात पुढच्याच डावात नाथाजीनं सत्त्यांच्या नुसत्या जोडीवर कोट लावला, सगळे घाबरतील म्हणून. सगळे घाबरले, बिराप्पा सोडून. बिराप्पा हा अर्जुनाचा जावई. माधवनगरच्या गिरणीत कामाला, आणि दर आईतवारी सायकल मारत सासुरवाडीला हजर. त्याच्याकडे तीन दश्श्या होत्या. त्यानं चार कट्टे लावले, दश्श्या दाखवल्या आणि कोट घालून सायकलवर बसला.

आता आली का पंचाईत? कोट परत मागावा, तर बिराप्पा पडला गावचा जावई. जावयाच्या अंगावर गेलेली वस्तू पलूसमध्ये कुणी परत मागितल्याचं म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही आठवत नव्हतं. त्यानं आपण होऊन ती डावावर लावावी आणि हरावं, एवढीच वाट उरली होती. इकडे पौषाची थंडी पडू लागली. नाथाजीला तो कोट रोममध्येही इतका ऊबदार वाटला नव्हता, जितका आता बिराप्पाच्या अंगावर वाटत होता.

बुधवारी जेवताना त्यानं बायकोपुढे, रंगूबाईपुढे, सगळं गाऱ्हाणं गायलं. रंगूबाई म्हणजे गावच्या लग्नातली पहिली वाढपीण. तिच्या हाताखालून अर्धपोटी उठलेला पाव्हणा कुणी पाहिला नव्हता. उठायला दोघांचा हात लागलेले पुष्कळ.

"आवं, तुमी पाव्हण्याला वाढताय का हाकलताय?" तिनं विचारलं.

"म्हंजी?"

"पाच पोळ्या एकदम पानात टाकल्या तर पाव्हणा पानावरनं पळंल. अर्धी सोडायची. 'एवढी अर्धीच घ्या, माझ्यासाठी' म्हनायचं. अर्ध्या अर्ध्यानं बारा जात्यात पोटात, अन् त्येला वाटतं आपून काय खाल्लंच न्हाई."

नाथाजीचा घास हातातच राहिला. लष्करानं पाच वर्षांत त्याला हे शिकवलं नव्हतं.

आईतवारी दुपारी नाथाजीच्या सोप्यात जाजम पसरलं. बिराप्पा कोट घालूनच बसला. पहिले पाच-सहा डाव फुसके गेले. मग नाथाजीनं पानं उचलली, तर तीन राजे! पाठ आपोआप ताठ व्हायला लागली. त्यानं ती मोठ्या कष्टानं पुन्हा वाकवली. दोन पानं बदलली आणि चौथा राजा हातात आला.

आरोळी घशापर्यंत आली होती. नाथाजीनं ती थुंकीबरोबर गिळली आणि दोन विड्या पुढे सरकवल्या. नुसत्या दोन.

"बरं न्हाई काय रं?" अर्जुनानं काळजीनं विचारलं आणि पानं टाकली.

बिराप्पानं दोन लावल्या आणि वर चार टाकल्या. नाथाजीनं डोकं खाजवलं, सुस्कारा सोडला, चार भागवल्या आणि हळूच तीन वाढवल्या. "एवढ्या तीनच घ्या जावईबापू, माझ्यासाठी."

"मामा, तीन काय, धा घ्या की!" बिराप्पाला चेव आला.

नाथाजी वाढत गेला. पाच, मग सहा, मग पुन्हा पाच. दर वेळी पडेल चेहरा करून, जणू एकेक विडी काळजातून उपसून काढतोय. बिराप्पा खात गेला. त्याच्यापुढच्या विड्या संपल्या, कान लाल झाले, थंडीत कपाळावर घाम आला. शेवटी तो उठला आणि कोट काढून जाजमावर आपटला.

"ह्यो कोट! चार कट्ट्यांचा! हाय हिंमत?"

आता मात्र नाथाजीच्या मिशा त्याला न विचारता वर गेल्या. पण बिराप्पाला सावध व्हायला उशीर झाला होता. त्यानं उरलेले चार कट्टे एकेक करून कोटावर ठेवले. बिराप्पानं तीन एक्के आणि दोन नव्व्या उघडल्या. नाथाजीनं चार राजे शेजारी शेजारी असे मांडले, जशी पंगत बसवावी.

आणि मग, आठवडाभर कोंडलेली ती आरोळी सुटली. म्हैस दावं तोडता तोडता राहिली.

नाथाजी कोट चढवून सोप्यात दोन फेऱ्या मारतो न मारतो, तोच अर्जुना घसा खाकरून म्हणाला, "ते समदं खरं, गड्या. पर माझा जावई नुसत्या बंडीवर माधवनगरला जायचा व्हय? गिरणीतली मानसं म्हनतील, पलूसकरांनी जावई सोलून धाडला."

बिराप्पा दोन्ही हात काखेत घालून उभा होता. दात वाजत होते. नाथाजीनं कोटाची बटणं लावली, एक काढलं, परत लावलं. तेवढ्यात रंगूबाई आतून आली आणि आष्ट्याच्या बाजारातून गेल्याच महिन्यात आणलेली नवी, जाडजूड, काळीभोर घोंगडी तिनं बिराप्पाच्या खांद्यावर घातली.

"जावा, जावईबापू. सावकास जावा."

बिराप्पानं घोंगडी अंगाभोवती लपेटली, तिचा उबारा अजमावला आणि खुशीत हसला. "लय झ्याक हाय, मामी!" तो शीळ घालीत निघून गेला.

"आगं, ती आपली एकुलती घोंगडी," नाथाजी पुटपुटला. "कोटापरीस दुप्पट ऊब हुती तिच्यात."

"ठावं हाय की मला. मीच पांघरत हुते," रंगूबाई म्हणाली. "काढा त्यो कोट. धारंला जायाचंय, गारठा पडलाय."

कोट तिला असा बसला, जणू इटलीच्या शिंप्यानं तिचंच माप घेतलं होतं. ती चरवी घेऊन गोठ्यात गेली. नाथाजी दारात बंडीवर कुडकुडत उभा राहिला.

"परत कवा देनार?"

"डावात जिकून घ्या की," म्हशीच्या कासेशी बसल्या बसल्या ती म्हणाली. "वाटा की पानं. धार काढून आलेच मी."

नाथाजीनं पत्ते गोळा केले, दोनदा पिसले, गोठ्याकडे एकदा पाहिलं, आणि आत जाऊन चुलीजवळ शेकत बसला.