बरणीतली आई

यमुताईंना एका जागी बसवून दाखवा, असं त्यांचा नवरा मार्तंड येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. जेवतानासुद्धा त्यांचा एक पाय हलत असतो. कोराडीच्या क्वार्टरमध्ये त्या सकाळपासून तीनदा ओटा पुसतात, कारण वीजकेंद्राची राख तिन्हीदा परत येऊन बसते; राख नसती तरी त्यांनी पुसलाच असता. माहेर कुहीकडचं, धानाच्या बांध्यांमधलं. रोवणी करताना ही पोरगी सगळ्यांच्या आधी बांधाला पोचायची, तिची ओळ वाकडी निघायची आणि त्याबद्दल आईचे रट्टे बसायचे.

अशा बाईनं नोकरी कोणती धरावी? गोष्ट सांगायची. तीही अशी, की एक वाक्य बोलायचं आणि मग तोंड मिटून वाट पाहत बसायचं.

नागपुरात ‘सोबत’ नावाचं एक केंद्र आहे. ज्यांना बोललेलं फारसं कळत नाही, काहींना धड दिसतही नाही, अशी लहान मुलं आणि मोठी माणसं तिथं दिवसभर येतात. यमुताई अकरा वर्षांपूर्वी तिथं आया म्हणून लागल्या. भरवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे. मग केंद्र चालवणाऱ्या इंदुताई कुठूनशी गोष्ट सांगण्याची एक पद्धत शिकून आल्या. गोष्ट सात-आठ वाक्यांची. प्रत्येक वाक्याला एक वस्तू. हुंगायची, चाटायची, ऐकायची, गालाला लावायची. वस्तू हातात दिली की सांगणाऱ्यानं गप्प राहायचं, ऐकणारा पापणीनं, बोटानं किंवा मान फिरवून काहीतरी उत्तर देईपर्यंत. आणि शब्द रोज तेच, क्रम तोच. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ती त्याच्यासाठी परकी गोष्ट झाली.

शिकलेल्या ताया हे काम करू लागल्या तेव्हा त्यांच्या वस्तू दुकानातल्या होत्या. यमुताईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पिशवीतून धानाच्या पेंढ्याची ओली तणस काढली. पावसाची गोष्ट चालली होती आणि ताई प्लास्टिकचं पान फिरवत होत्या, ते यांना बघवेना. तेव्हापासून गोष्टी यांच्याकडे आल्या. न्हाव्याकडून दाढीचा फेस आणायचा, टायरवाल्याकडून रबराचा तुकडा, लग्नघरातून हळदीचा फडका. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या डब्याचासुद्धा त्या वास घेतात. एकदा एका पाहुण्या बाईंनी सुचवलं, नागपूरचं केंद्र आहे तर संत्र्याची गोष्ट करा ना. यमुताईंनी मान डोलावली आणि केली नाही. वाट पाहण्याचं तेवढं त्यांना जड गेलं, त्यासाठी त्यांनी मनातल्या मनात आकडे मोजायची सवय लावून घेतली. वीसपर्यंत. कधी चाळीसपर्यंत.

त्यांची सगळ्यात नावाजलेली गोष्ट संघपालची. संघपाल एकतीस वर्षांचा, अंगानं थोराड, बोलत नाही, दिसतं ते फक्त उजेड आणि सावली. चार वर्षांपूर्वी तो केंद्रात आला तेव्हा घरी जायची वेळ झाली की भिंतीवर डोकं आपटायचा. आता काय होणार हे त्याला कळत नव्हतं, एवढंच. त्याची आई बायजाबाई धंतोलीतल्या एका दवाखान्यात झाडूपोछा करायची आणि ड्यूटी सुटली की चारला त्याला न्यायला यायची. यमुताईंनी रोज साडेतीनला सांगायची गोष्ट बांधली. सहा साधी वाक्यं दिवसाची, सातवं ‘चार वाजले’, तेव्हा घंटी. आणि आठवं ‘आई आली’, तेव्हा बरणी.

ती बरणी लोणच्याची, घट्ट झाकणाची. तिच्यात बायजाबाईच्या लुगड्याचा एक तुकडा. फिनाईल, खोबरेल तेल आणि तंबाखूचा खर्रा, असा तिचा तो तीन पदरी वास. वास उतरला की बायजाबाई तुकडा दोन दिवस कंबरेला खोचून आणून द्यायची.

“माह्या अंगाचा वास डब्यात भरून ठेवतेस वं तू,” ती हसायची. “दुसऱ्याले तर नाक धरा लागते.”

महिनाभरात संघपालचं डोकं आपटणं थांबलं. घंटी वाजली की तो हात पुढे करायचा, बरणीत नाक घालायचा आणि दाराकडे तोंड करून शांत बसायचा. चारला आई यायचीच.

मग बायजाबाई मेली. शनिवारी छातीत दुखलं, ज्या दवाखान्यात पोछा मारायची तिथंच दाखल झाली, सोमवारी गेली. घरात गर्दी होणार म्हणून संघपालला शेजारी नेऊन ठेवलं. त्याले काय समजते, असं सगळेच म्हणाले. पाचव्या दिवशी बुद्धवंदना वगैरे आटोपल्यावर धाकटी बहीण मेघा त्याला स्कूटीवर मागे ओढणीनं आपल्याशी बांधून केंद्रात सोडून गेली. मेघा चोवीस वर्षांची, मोबाईलच्या दुकानात कामाला. आता घरात ही दोघंच.

त्या दिवशी साडेतीन वाजले आणि यमुताईंचा पाय जोरजोरात हलायला लागला. बरणी समोर होती. गोष्ट बदलायची नाही हा नियम होता, आणि खरं सांगायचं तर यमुताईंना त्या नियमाचा आधारच वाटला. बायजाबाई मेली हे त्यांना तोंडानं म्हणवत नव्हतं. त्यांनी सगळी गोष्ट जशीच्या तशी सांगितली. चार वाजले. आई आली. संघपालनं नाक घातलं, दाराकडे तोंड केलं.

चारला मेघा आली. त्यानं तिचा हात झटकला. दाराची जाळी दोन्ही हातांनी धरली आणि अंधार पडेपर्यंत सोडली नाही. शेवटी इंदुताईंनी आणि केंद्राच्या दोन ड्रायव्हरांनी मिळून त्याची बोटं सोडवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, वर त्यानं डबा खायचंही सोडलं. मेघाचं दुकान सातपर्यंत असायचं, ती चारला तासाभराची सुट्टी मागून येत होती, मालक आता चेहऱ्यावरच दाखवायला लागला होता. मेघाचे मामा येऊन गेले. दुसऱ्या जिल्ह्यात अशा मोठ्या माणसांचं वसतिगृह आहे, एक तारखेपासून जागा आहे, म्हणत फॉर्म देऊन गेले.

“मले नाई पाठवायचं त्याले,” मेघा म्हणाली. “पण हा माह्यासंग घरीच येत नाई, तं मी करू काय?”

एक तारखेला बारा दिवस होते. यमुताईंनी त्या आठवड्यात केंद्रातली सगळी कपाटं आवरली, मग पुन्हा आवरली. घरी मार्तंडनं विचारलं, काय झालं, तर त्याच्यावरच खेकसल्या. आणि रोज साडेतीनला बरणी उघडत राहिल्या. बिचाऱ्याला तेवढंच एक सुख, असं त्यांनी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी मेघा त्याला सोडायला आली ती जरा बऱ्या चेहऱ्यानं.

“काकू, इतवारी चांगला होता. दोन पोळ्या खाल्ल्या. दाराकडं गेलाच नाई. तुमच्याकडून आला की काहून असा करते काय माहीत.”

तिनं सहज म्हटलं. हेल्मेट चढवून गेलीसुद्धा. यमुताई जिन्यात उभ्या राहिल्या. रविवारी केंद्र बंद, म्हणजे गोष्ट नाही, म्हणजे बरणी नाही. रोज साडेतीनला आई येते म्हणून त्या त्याला वचन देत होत्या, आणि चारला ते मोडत होतं. त्याला उपाशी ठेवणारी दुसरी तिसरी कोणी नव्हती. त्या जिन्यातच बसल्या, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणी नुसतं बसलेलं पाहिलं.

इंदुताईंना त्यांनी सगळं सांगितलं. इंदुताई म्हणाल्या, “मलाही सुचायला हवं होतं. आज सांगूच नका.”

त्या दिवशी गोष्टीच्या वस्तूंची पेटी काढलीच नाही. साडेतीनला संघपाल जागेवरून सरकत निघाला. भिंत चाचपत कपाटापाशी पोचला, खालच्या फळीवरची तीन झाकणं उघडून हुंगली, चौथी बरणी बरोबर त्याची निघाली. ती पोटाशी धरून तो दारापाशी जाऊन बसला. त्याला घेऊन निघायला मेघाला त्या दिवशी सव्वासात वाजले.

“लपवून भागणार नाही,” इंदुताई म्हणाल्या. “नवी गोष्ट करावी लागेल, यमुताई. आई येणार नाही, ही.”

“ते मले नाई जमणार.”

“मग कोणाला जमेल?”

रात्री यमुताईंनी वस्तू जमवायला घेतल्या, कारण हाताला काम लागलं की त्यांना बरं वाटतं. राख तर दारात हवी तेवढी होती. ती त्यांनी चिमटीत घेतली आणि परत टाकली. ती त्याच्या तळहातावर ठेवायची त्यांची छाती झाली नाही. त्याच्या घरी वंदनेला लावतात ती मेणबत्ती मात्र त्याच्या ओळखीची होती, तशी एक घेतली. राहिली बरणी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेघाला दुपारीच बोलावलं. तुकडा धुवावा लागेल, असं सांगताना त्या दोनदा अडखळल्या. बायजाबाईची बाकीची लुगडी केव्हाच धुऊन वाटून झाली होती. तिचा वास आता जगात या एवढ्या फडक्यात होता. मेघानं तो तुकडा तोंडावर दाबून धरला. बराच वेळ. मग स्वतःच उठली, मागच्या नळावर गेली आणि निळ्या साबणाची वडी घासघासून तो धुतला, पिळला, पुन्हा धुतला.

“जाते का वास?” तिनं विचारलं.

यमुताईंनी हुंगून पाहिलं. “गेला,” त्या म्हणाल्या, आणि दोघीजणी नळापाशी रडल्या.

ऊन कडक होतं, फडकं अर्ध्या तासात वाळलं आणि घासलेल्या बरणीत परत गेलं. साडेतीनला यमुताई संघपालसमोर बसल्या. मेघा बाजूला, हेल्मेट मांडीवर.

“आईले बरं नव्हतं.” गरम पाण्याची पिशवी त्याच्या गालाला. यमुताईंनी वीस मोजले. त्यानं गाल काढून घेतला.

“आई दवाखान्यात झोपली.” फिनाईलचा बोळा. तो हसला, हा वास त्याच्या आईचा. त्याचं ते हसू यमुताईंना सोसेना, पण गोष्टीत मध्येच उठता येत नाही.

“आई मेली. सगळ्यांनी मेणबत्ती लावली.” ज्योतीची ऊब तळहाताशी, मेणाचा वास.

“चार वाजले.” घंटी. त्याचा हात लगेच पुढे आला.

“आई येत नाई.”

त्यानं बरणीत नाक घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं. फडकं ओढून काढलं, उलटंपालटं केलं, बरणीत मनगटापर्यंत हात घालून तळ चाचपला. यमुताईंचे वीस झाले, चाळीस झाले, शंभर झाले. झाकण लावून टाकावं आणि पळावं असं त्यांना वाटत होतं. संघपालनं फडकं मेघाच्या नाकाशी नेलं, तूही बघ म्हणून. मेघानं हुंगलं आणि मान हलवली. तिची मान त्यानं हातानं पाहिली. आणि मग तो ओरडला, असा की शेजारच्या बंगल्यातली माणसं बाहेर आली.

“मेघा आली,” यमुताई म्हणाल्या. मेघानं हेल्मेट त्याच्या हातात दिलं. त्यानं ते फेकून दिलं. पाच वाजेपर्यंत तो रडला, पण दाराची जाळी त्यानं धरली नाही. साडेपाचला मेघा त्याला धरून जिना उतरली.

झालं एकदाचं, असं यमुताईंना वाटलं. त्या रात्री त्या लवकर निजल्या.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला संघपालनं पेटी ओढत त्यांच्यापुढे आणली.

“आज नको गा बापू,” त्या म्हणाल्या. त्यानं त्यांचा हात धरून पेटीवर ठेवला. त्यांनी इंदुताईंकडे पाहिलं.

“एकदा सांगून त्याला कुठली गोष्ट कळली आहे आजवर?” इंदुताई हळूच म्हणाल्या. “त्याची होईपर्यंत सांगायची. रोज.”

लोकांना अशी बातमी जन्मात एकदा सांगायची पाळी येते, तर त्यांची वाचा बसते. यमुताईंना ती रोज साडेतीनला सांगायची होती, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं, प्रत्येक शब्दानंतर थांबून. त्यांनी सांगितली. आठ दिवस तो रोज ओरडला. नवव्या दिवशी नुसताच रडला. डबा खाऊ लागला, आधी अर्धा, मग सगळा. हेल्मेट फेकायचं थांबलं. एक तारीख आली आणि गेली. फॉर्म मेघाच्या स्कूटीच्या डिकीत तसाच पडून होता.

सतराव्या दिवशी ‘आई येत नाई’ म्हटल्यावर संघपालनं बरणी हुंगली, एकदाच. मग झाकण शोधलं, आपल्या हातानं फिरवून घट्ट लावलं आणि बरणी यमुताईंच्या मांडीवर ठेवली. सोळा दिवस दाबून धरलेलं सगळं त्यांच्या डोळ्यांतून वाहायला लागलं, आणि थांबेना. संघपालनं हात पुढे करून त्यांचा ओला गाल चाचपला. तो ओरडला नाही, उठलाही नाही. हात गालावर तसाच ठेवून तो गप्प बसून राहिला, त्यांना बोलता येईपर्यंत.

बराच वेळ लागला.

“मेघा आली,” यमुताई म्हणाल्या.