कोणाचं झाड आहे हे?

धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमच्या गोंडांच्या गावातली सगळी घरं बुडाली, पण आई घरासाठी रडली नाही. रडली ती पाण्याखाली गेलेल्या आमच्या मोहासाठी. आमच्यात मोहाचं झाड घराण्याचं असतं. चैतात ते घराणं त्याच्याखालचा पाचोळा झाडून जागा साफ करतं, फुलं त्याच घराण्याची. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूलही विचारल्याशिवाय कोणी उचलत नाही.

नागपुरात आलो, सक्करदऱ्याला झोपडी बांधली. आई विटा वाहायला जाऊ लागली. दुसऱ्याच वर्षी बाप गेला. गेलेल्याच्या नावानं मोहाच्या दारूची धार सोडली की तो पूर्वजांत मिळतो, नाहीतर बाहेरच भटकत राहतो, असं आम्ही मानतो. "वस्तीतल्या भट्टीवरून आणू काय?" मी विचारलं.

"कोणाच्या झाडाची हाय, माहीत हाय काय तुले?" आई एवढंच बोलली.

पुढच्या चैतात प्रताप नगरकडे कामावर जाताना तिला रस्त्याकडेला मोह दिसला. खाली फुलांचा नुसता सडा, आणि लोक चपलांनी तुडवत चाललेले. दुसरी कोणी असती तर पदर भरून मोकळी झाली असती. ही बाई दारोदार विचारत सुटली, "हे झाड कोणाचं हाय जी?"

एक म्हातारे गृहस्थ फाटकात आले. "कोणाचंच नाही, बाई. घेऊन जा ना, नुसती घाण होऊन राहिली."

आई रिकाम्या हातानं घरी आली. माझं डोकंच फिरलं. बाप तिकडे ताटकळतोय आणि हिला रीतभात सुचते. "काहून नाही आणली वं माय? फुकटची होती ना."

"ज्याले कोणी नाही, त्या झाडाचं तुह्या बापाले कसं देऊ?"

त्याच उन्हाळ्यात वस्तीच्या नळाला जोरात पाणी येऊ लागलं. रांगेतल्या बाया खूश होत्या, नव्या धरणाचं पाणी आलं म्हणून. आईनं विचारलं, "कोणतं धरण?" त्यांनी सांगितलं ते आमचंच.

आईनं घागर उचलली, झोपडीमागं नेली आणि बापाच्या नावानं भुईवर धार सोडली.

"माय, हे तर पाणी हाय," मी म्हटलं.

"आपल्या मोहावरून आलं," ती म्हणाली. "याच्यासाठी कोणाले विचारा नाही लागत."

मी तिथंच खाली बसून रडले. ती रिकामी घागर घेऊन परत रांगेत जाऊन उभी राहिली.